हातातला नान

"नान उलकानच्या हातात देऊ नका," असं रिम्मा लव्होव्नाने सकाळीच सांगितलं होतं, आणि जिपारने ते कानाआड केलं होतं.

कारण काही फार मोठं नव्हतं. दहा महिन्यांच्या पोरीला कालपासून कणकण होती. तिला शेजारणीच्या मांडीवर टाकून जिपार कामाला आली होती आणि चारच्या आत घर गाठायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शिवाय रिम्मा लव्होव्ना दिवसभर काही ना काही बजावतच असायची. कामावरच्या बायकांचे कपडे आणि रंगभूषा बघणारी साठीची रशियन बाई ती. समोरासमोरच्या खिडक्या उघडू नका, ओल्या केसांनी गॅलरीत जाऊ नका, थंड फरशीवर बसू नका. त्या शंभरांवर ही एकशे एकावी सूचना, असं जिपारने धरलं.

बिश्केकच्या दक्षिण टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत हे काम चाले. दोरीने बांधलेल्या बायकांचे व्हिडिओ. कपडे अंगभर, कुणी कुणाच्या अंगचटीला जायचं नाही. बाई बसलेली आणि बांधलेली, बस. दूरदूरच्या देशांत हेच बघण्याची ओढ असलेली माणसं होती. ती पत्रं लिहून मागणी करत, आणि रुमालाची गाठ कुठल्या बाजूला हवी, इथपर्यंत त्यात लिहिलेलं असे. जिपारला सुरुवातीला शिसारी आली, मग हसू आलं, मग सवय झाली. विद्यापीठात चार वर्षं इंग्रजी शिकून हाती आलेलं हे पहिलं धड काम. चेक दिग्दर्शक राडिम इंग्रजीत बोले आणि ती ते किर्गीझमध्ये बायकांना सांगे. मॉस्कोत टॅक्सी चालवणाऱ्या नवऱ्याला तिने सांगितलं होतं, मुलांच्या शिकवण्या घेते.

राडिम वाईट माणूस नव्हता. उलट तो नियमाला पक्का. भिंतीवर कागद चिकटवलेला होता आणि त्याचं भाषांतर जिपारनेच केलेलं होतं. दोरी कापायची कात्री हाताच्या अंतरावर हवी. बोटांचा रंग बघत राहायचं. आणि तोंडावर फडकं असेल तर बाईच्या हातात एक वस्तू द्यायची. काही दुखलं-खुपलं तर ती खाली टाकायची, की त्या क्षणी सगळं थांबलं. एरवी ही वस्तू म्हणजे एक लाल रबरी चेंडू असे. पण आजच्या गिऱ्हाइकाला चेंडू चालणार नव्हता. त्याला तंबूतली कैदेतली बाई हवी होती, खाली लोकरीच्या नमद्याचा गालिचा, आणि तिच्या बांधलेल्या हातांत गोल नान. शिवाय वीस मिनिटं अखंड, मध्ये कुठेही न थांबता.

"सोपं झालं मग," राडिम म्हणाला. नान हीच वस्तू. नान पडला की थांबायचं.

बाई होती उलकान. चौतिशीची, नारीनकडच्या डोंगरातली, नवऱ्याने टाकलेली. बाकीचे दिवस ती एका शिवणकारखान्यात बाह्या जोडायची. जिपार तिला एजे म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. उलकान तिला विचारायची, पोरीला दात आले का, आणि मग आपणच हसून सांगायची की माझ्या आईने मला हाडूक चघळायला दिलं होतं, म्हणून मी अशी दांडगी निघाले. महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाला नान पायाखाली तुडवलेला हवा होता. तेव्हा उलकानने सरळ सांगितलं होतं, मला छताला टांगा, पण नानवर पाय ठेवणार नाही. राडिमने मुकाट्याने नानऐवजी टरबूज आणलं होतं. तेव्हापासून त्याची समजूत अशी, की नान तुडवायचा नसतो. एवढंच.

जिपारने वाक्य सांगितलं. नान पडला की थांबायचं.

उलकानने वर बघितलं. "टाकायचा?"

"म्हणजे सोडायचा, एजे. दुखलं तर."

"बरं," उलकान म्हणाली.

त्या 'बरं'ला किती अर्थ असतो, हे जिपारला ठाऊक होतं. वडीलधाऱ्यांपुढे, साहेबापुढे, डॉक्टरपुढे तिच्याकडच्या बायका असंच बरं म्हणतात. त्यात होकार नसतो, विषय संपवणं असतं. ती स्वतःही नवऱ्याला फोनवर असंच बरं म्हणायची. आणि नानचं तर काय सांगावं? तिच्या घरात नान उपडा ठेवत नसत. रस्त्यात तुकडा दिसला तर तिची आई वाकून तो उचलायची, कपाळाला लावायची आणि पक्ष्यांसाठी कुंपणावर ठेवायची. हे सगळं जिपारला कुणी सांगायची गरज नव्हती. चेंडूच बरा, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा मुठीत धरू दे, एवढं एकच वाक्य तिने राडिमला म्हणायला हवं होतं. पण मग वाद झाला असता, पुन्हा मांडामांड, आणि चारचे पाच.

कॅमेरा सुरू झाला.

पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग जिपारला दिसलं की उलकानच्या उजव्या हाताची बोटं पांढुरकी पडलीत आणि त्यांच्या टोकांना जांभळट झाक आहे. नान कलला. उलकानने अंगठा त्याच्या कडेत रुतवला. ती नान धरून ठेवतेय, हे जिपारला स्पष्ट दिसत होतं. पकड सुटत चालली तशी तिने गुडघे जवळ घेतले आणि मांडीची झोळी केली, म्हणजे पडलाच तर गालिच्यावर पडू नये. तिच्या कपाळावर घाम होता. राडिम कॅमेऱ्याशेजारी बोटं बघत उभा होता, पण त्याला बोटांपेक्षा नान आधी दिसत होता, आणि नान हातात होता. म्हणजे सगळं ठीक. दुभाष्याने आपल्या मनाने बोलायचं नसतं, हेही जिपारच्या अंगवळणी पडलं होतं. खिशात फोन थरथरला. तिने बघितलं. शेजारीण. ताप उतरलाय, काळजी करू नकोस. तिने मान वर केली तेव्हा उलकान तिच्याचकडे बघत होती.

"थांबा," जिपार म्हणाली, कुठल्या भाषेत ते तिला आठवत नाही.

राडिमने कात्रीने दोन ठिकाणी दोरी कापली, दंडावर आणि मनगटावर. फडकं काढलं. उलकानने आधी डाव्या हाताने नान उचलला, उजवा वर येईना, आणि तो रिम्मा लव्होव्नाकडे दिला, उंचावर ठेव म्हणून. मग ती आपल्या मनगटाकडे बघत बसली. ते देठ मोडलेल्या फुलासारखं लोंबत होतं.

राडिम पांढराफटक पडला होता. तो खाली बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, तिने टाकला का नाही, दुखत होतं तर टाकला का नाही. जिपारने विचारलं.

उलकान गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "नान जमिनीवर?" ती म्हणाली. "तू किर्गीझ आहेस ना गं?"

यातलं पहिलं जिपारने भाषांतरित केलं, दुसरं नाही. राडिमने तिला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, नाही.

रिम्मा लव्होव्ना खिडकीपाशी पाठ करून उभी होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात उलकानने सांगितलं, घोड्याने हिसका दिला आणि लगाम दंडाला गुंडाळला गेला. डॉक्टरने मान डोलावली. असे हात त्याने पाहिलेले होते. दंडातली नस दबलीय, म्हणाला. ताकद महिन्यात येईल, सहा महिन्यांत येईल, कधी कधी पूर्ण येतही नाही. पट्टी बांधा, बोटं हलवत राहा. उलकानने विचारलं, मशीनवर कधी बसू? डॉक्टर म्हणाला, बघू.

आठवड्याभराने राडिमने खोल्या सोडल्या. जाताना भिंतीवरचा कागद सोलून काढला आणि खाली नवी ओळ घालायला लावली, की हातात खाण्याची वस्तू द्यायची नाही. जिपारने ती ओळ लिहून दिली. दुसऱ्या कुठल्या तरी शहरात, दुसऱ्या कुठल्या तरी बायकांसाठी.

उलकान भावाकडे गेली, तोकमोक शहराच्या अलीकडे. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. एकदा उचलला तर भावजय होती, आणि जिपारने ठेवून दिला. तिच्याजवळ हे बोलायला एकही माणूस नव्हतं. नवऱ्याला शिकवण्या ठाऊक. आईला नवऱ्याला जे ठाऊक तेच ठाऊक. शेजारीण चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. रिम्मा लव्होव्ना मुलाकडे दुसऱ्या गावाला गेली होती. पोरगी आता उभी राहायला लागली होती; तिने पलंगाच्या कडेला पकडलेली चिमुकली बोटं बघितली की जिपार ती एकेक करून सोडवायची, पुन्हा धरते का ते बघायची, पोर रडेपर्यंत.

मार्चमध्ये ती पोरीला पाठीला बांधून गेलीही. निळं फाटक, अंगणात जर्दाळूचं झाड. भावजयीने दार उघडून विचारलं, कोण हवंय, कुठली ओळख. कुठली ओळख! शिवणकारखान्यातली म्हणावं तर जिपारला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि चार प्रश्नांत सगळं बाहेर आलं असतं. तिचं तर तिचं, उलकानचंही, भावाच्या घरात. आतून कुणीतरी खोकलं. जिपार म्हणाली, घर चुकले वाटतं. आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने परतीच्या तीन रिकाम्या गाड्या तशाच जाऊ दिल्या.

म्हणून तुम्हालाच सांगायचं. तुम्हाला तिकडे कुणी ओळखत नाही, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तोकमोकच्या बाजूला जाणं झालंच तर त्या निळ्या फाटकाशी थांबा, विजार आखूड करून मिळेल का विचारा. ते लोक आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. उलकान चहा ओतायला येईल. ती किटली कुठल्या हाताने धरते, आणि मनगट वर उचलतं का, तेवढं बघा. आणि जिपारला कळवा.