वजा केलेलं वजन

धूमकेतू काही तराजूत घालता येत नाही. सूर्याजवळ आला की त्यातून वायू सुटतो आणि तोंड सोडलेल्या फुग्यासारखा तो आपल्या वाटेवरून जरासा सरकतो. उजेडावरून वायूचा अंदाज घ्यायचा, सरकला किती ते मोजायचं. हलका असेल तो जास्त सरकतो. हेच माझं काम. वेधशाळेतून आलेली चित्रं घरी बसून मोजायची, मांडीवर लेक.

लेकही काट्यावर ठरत नाही, वळवळते. म्हणून तिला कडेवर घेऊन मीच उभी राहायचे आणि माझं वजन वजा करायचे. उरेल ती लेक. ती दर आठवड्याला कमीच उरत होती.

"अगं, गुटगुटीत तर आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या तोंडावर काय तेज आलंय! बाळंतपण मानवलं हो तुला."

"मग काटा खोटं बोलतो का, आई?"

"तो कशाला बोलेल? तूच बोलतेस त्याच्याशी दिवसभर."

मी लेकीची मनगटं चाचपत राहायचे. पाळणा जरा शांत झाला की धावत जाऊन तिचा श्वास बघायचे.

अशात माझा धूमकेतू एकाएकी उजळला. जास्त उजेड म्हणजे जास्त वायू, असं मी धरलं. एवढा वायू सुटूनही सरकला नेहमीइतकाच, म्हणून वस्तुमान भरभक्कम आलं. साहेब खूश. "दणकट गडी आहे. सूर्याला वळसा घालून येतोय बघ."

पुढच्या चित्रात त्याच्या जागी नुसता धूसर डाग होता. तो उजेड वायूचा नव्हताच. फुटून उडालेल्या धुळीचा होता.

त्या डागाकडे बघवेना. लेकीला उचललं, सासूबाईंना घेतलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिला तान्ह्या मुलांच्या काट्यावर निजवलं. "छान वाढतेय की. घटतेय म्हणून कुणी सांगितलं?"

मी माझा हिशेब सांगितला.

"आणि त्यात तुमचं वजन कधीचं धरलंय?"

"बाळंतपणानंतर लगेच केलेलं."

"या मोठ्या काट्यावर चढा बघू."

आकडा थरथरला, माझ्या हिशेबातल्यापेक्षा बराच खाली थांबला. त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली ती काढलीच नाहीत. "रक्त तपासू या. आजच."

सासूबाईंनी लेकीला छोट्या काट्यावरून उचलून घेतलं.

हात धुवायच्या जागी आरसा होता. सासूबाईंचं खोटं नव्हतं. चेहरा नुसता लखलखत होता.