मागच्या सीटवरचं काळं हेल्मेट

डोंबिवलीच्या खाडीकडच्या एका गावात एक होती सखुबाई, एक होता तिचा लेक मयूर, एक होती सून करिश्मा. आणि त्यांच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला एक होतो मी. मी काळं हेल्मेट बोलतोय. स्कूटरवर जो मागे बसतो ना, त्याचं.

नौपाड्याच्या दुकानात माझी खरेदी झाली तीच उलटी. करिश्माचे केस एवढे दाट, की नाजूक निळं हेल्मेट तिच्या कानावरच अडकलं. मयूरचं डोकं लहान, त्याला ते झकास बसलं.

"हे लेडीज आहे ना?" मयूर कुरकुरला.

"डोक्याला काय कळतंय, साहेब?" दुकानदार म्हणाला.

झालं. निळं पुढे, मी मागे.

आता गावातली एक रीत सांगतो. गल्लीत कोणी हेल्मेट घालत नाही. चौकात पोलीस उभा असतो, तिथवर आम्ही हातातच. त्यामुळे सखुबाईने आम्हाला कधी डोक्यावर पाहिलंच नाही. काळं मोठं लेकाचं, निळं नाजूक सुनेचं, असं तिने तिचं तिनेच ठरवून टाकलं.

शनिवार-रविवार मात्र आमचे. कधी ठाण्याला कबड्डी. करिश्मा शाळेत असताना चढाईला जायची, म्हणून मॅच बघताना तिचे पाय खुर्चीखाली हलत असायचे. कधी अंबरनाथचं देऊळ, कधी वसईचा किल्ला. लोक तिथे फोटो काढतात. मयूर दगडाला दगड कसा बसवलाय तिथे बोट फिरवत बसायचा. तो एमआयडीसीत वेल्डर, स्टीलच्या टाक्या जोडणारा. जोड दिसला की त्याचं पाऊल अडतंच.

आणि संध्याकाळी घोडबंदर रोडचं एक हॉटेल, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात. करिश्मा एक ग्लास घ्यायची. मयूर लिंबूसोडा. तो काचेपलीकडच्या टाक्या बघायला यायचा.

त्याला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. घरामागे जागा होती, पण ती सखुबाईच्या नावावर. तिचा बाप मिठागरात राबायचा आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बसायचा. जागा द्यायचं कबूल करताना तिने लेकाकडून एकच शब्द घेतला होता: दारूला शिवायचं नाही.

एका रविवारी त्या हॉटेलात टीव्हीवर सामना रंगला होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस हात उडवत उठला आणि करिश्माचा ग्लास कलंडला, तो थेट माझ्यात. माझा आतला स्पंज चिंब झाला.

घरी सखुबाईने मला टांगायला हातात घेतलं आणि ती थांबली. मला नाकाशी धरलं.

"मयूर, हे काय?"

मयूरने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "चुकलं, आई."

"जागेचं मना परत विचारू नकोस."

त्यानंतर दोन रविवार आम्ही दोघं खिळ्यावरच. सखुबाई लेकाला ताट वाढायची, पण शब्द वाढायची नाही. दोघा नवरा-बायकोत त्यावरून कुजबुज चालायची. "मी सांगते." "नको, तुझी गावभर बदनामी होईल."

तिसऱ्या शनिवारी सखुबाई मागच्या दारी बोंबील साफ करत होती. करिश्माने मला आणि निळ्याला खिळ्यावरून काढलं आणि तिच्यासमोर उभी राहिली. निळं डोक्यावर दाबलं. ते कानाशीच अडकलं. मग मला घातलं.

"आई, काळं माझं आहे. वासही माझाच. त्याने आजवर थेंब घेतला नाही."

सखुबाईचा हात थांबला. "मग तो खोटं बोलला?"

"माझ्यासाठी."

"तू घेतेस?"

"एक ग्लास. आवडते मला."

"माझा बापही 'एकच ग्लास' बोलायचा." विळीवरचा बोंबील तिने बाजूला ठेवला. "उद्या मना ने. बघू दे कुठं बसता ते."

मग काय! दुसऱ्या दिवशी मी सखुबाईच्या डोक्यावर. करिश्मा रिक्षाने मागून आली. हॉटेलात सखुबाई पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसली. करिश्मानेही त्या दिवशी सोडाच मागवला. मयूर मात्र नेहमीसारखा काचेशी. जरा वेळाने तो मॅनेजर रवींद्रना बोलावून घेऊन आला.

"साहेब, त्या खालच्या जोडातून पाझरतंय. आज थेंब आहे, पुढच्या महिन्यात टाकी रिकामी होईल."

"कंपनीचा माणूस पंधरा दिवस यायचा नाही," रवींद्र म्हणाले.

"टाकी धुऊन ठेवा, उद्या सुट्टी टाकून येतो."

सखुबाई टक लावून बघत होती. सुनेला म्हणाली, "माझा बाप अशा जागी आला की ग्लासाकडे बघायचा. हा मेला पत्र्याकडे बघतो."

घरी पोचल्यावर जागेच्या फाटकाची चावी तिने लेकाच्या नव्हे, सुनेच्या हातात दिली. "हिशोबाने वाग. एक म्हणजे एकच." करिश्माने मान डोलावली, आणि ती आजवर एकच घेते, मी साक्षीदार आहे.

आता माझा पट्टा विरलाय, काचेवर ओरखडे आहेत, तरी रविवारी फिरायला मीच जातो. तुम्हाला एवढंच सांगणं, गल्लीतही आम्हाला डोक्यावर घ्या. हातात धरलेलं हेल्मेट कोणाचंच डोकं वाचवत नाही.

घरामागे पत्र्याची शेड उभी आहे. तीन माणसं कामाला आहेत. परवा टिटवाळ्याच्या डेअरीची दुधाची टाकी टेम्पोवर चढली, तेव्हा सखुबाईने तिला हळदकुंकू लावलं. पेंटर पाटी रंगवायला आला, त्याने विचारलं, "आजी, नाव कोणाचं टाकू? मयूरदादाचं?"

"सुनेचं टाक," सखुबाई म्हणाली. "खरं सांगायला तीच आली माझ्यापुढे."