जिथं लाट फुटत नाही

रखमाने वर्षभर कोंडाजीचं वाईट चिंतलं होतं आणि त्याची तिला काडीचीही लाज वाटत नव्हती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची वाडी. कोंडाजी त्या वाडीच्या गावकीचा पुढारी, तिच्या नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ. अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात तो बापाच्या अस्थी घेऊन हरिहरेश्वरला गेला, सोबतीला रखमाचा नवरा सहदेव. गेले दोघे, आला एक. कोंडाजीने गावकीत सांगितलं, सहदेव पिऊन पाण्यात शिरला. गळ्यात माळ घालणारा माणूस तो. पण गावकीने माना डोलावल्या, सहदेवच्या दहाव्याला कुणी जेवणाचं पान घेतलं नाही, आणि रखमाच्या लेकीला, आवडीला, कुठून सोयरीक येईना.

खरं काय घडलं ते रखमाने एकटीने एस.टी.ने जाऊन काढून आणलं. किनाऱ्यावर नारळ विकणाऱ्या रंगूबाईने सगळं पाहिलं होतं.

"तुझा घरवाला शुद्धीत व्हता गो. ढग गडगडले तसं दुसऱ्यानं भिऊन मडकं ह्याच्या हाती दिलं नि आपण खडकावर चढला. ह्यानं हात वर केला, मी बोंबलले, पण त्यानं साधं धोतरसुद्धा फेकलं नाय."

रंगूबाईने तिला पाणी ओळखायलाही शिकवलं. लाट फुटून पांढरं होतं तिथं पाय टिकतात. मधेच काळं सपाट पाणी दिसलं की समजावं, ती समुद्राची परतीची वाट. ती आत ओढते. "तिच्याशी भांडायचं नाय. किनाऱ्याकडं न येता आडवं पोहायचं, मग सुटतं."

परक्या नारळवालीची साक्ष गावकी कशाला मानते? शब्द कोंडाजीच्याच तोंडून निघायला हवा होता.

यंदाच्या वैशाखात कोंडाजीची आई गेली. अस्थी न्यायच्या ठरल्या तशी रखमा म्हणाली, मीही येते, ज्याचं प्रेतही हाती लागलं नाही त्याला ओंजळभर पाणी तरी देते. चारचौघांत कोंडाजीला नाही म्हणता येईना. गावकीतले म्हातारे हैबती आणि चांगू बरोबर निघाले.

म्हसळ्याला गाडी बदलून ते पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि वळवाचं आभाळ भरून आलं होतं. वाडीवर समज असा, की अस्थी परत काठाला आल्या तर मेलेल्याचा जीव घरातच अडकतो. म्हणून जो येतो तो लाट नसलेली जागा शोधतो. त्यात ही सावित्री नदीकाठची माणसं. त्यांना खळाळतं पाणी दिसलं की खडक आठवतो आणि सपाट दिसलं की भरवसा वाटतो.

"तिथं पाणी गप हाय," कोंडाजी बोट दाखवत म्हणाला. "तिथंच सोडतो."

"सोडा बिगीनं, पाऊस येतोय," चांगू म्हणाला.

रखमाने ते काळं सपाट पाणी ओळखलं, पण सांगितलं नाही. तिचा बेत वर्षभर शिजला होता. कमरेएवढ्या पाण्यात त्या परतीच्या वाटेने कोंडाजीचा पाय धरला की विचारायचं. कबूल झाला की सुटकेची युक्ती सांगायची.

कोंडाजी आत गेला. मडकं भराभर दूर निघालं आणि त्याचा चेहरा खुलला. वळायला गेला तर पायाखालची वाळू सरकली.

रखमा घोट्याएवढ्या पाण्यात उतरली. "भावोजी, आमचे मालक प्याले व्हते काय? हैबतीकाकांदेखत सांगा."

"वयनी, हात द्या."

"आधी सांगा."

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या खडकांवर वीज कडाडून पडली. सगळ्यांचे डोळे मिटले. उघडून बघतात तो कोंडाजी गळ्याएवढ्या पाण्यात, आणि बघता बघता त्याहून आत. रखमा गुडघाभर पाण्यात धावली. कणव नव्हती ती. त्याच्याबरोबर तो शब्दही चालला होता.

"भावोजी, इकडं येऊ नका," ती जिवाच्या आकांताने ओरडली. "आडवं पोहा, देवळाच्या अंगानं. सुटाल."

कोंडाजीने ऐकलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि चोराच्या मनात चांदणं. तिच्या जागी आपण काय केलं असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि हैबतीच्या रोखाने, सरळ किनाऱ्याकडे, होतं नव्हतं तेवढं बळ लावून हात मारू लागला. हैबतीने धोतर सोडून फेकलं, ते अर्ध्यातच पडलं. "खरं सांगते, आडवं," असं रखमा घसा बसेपर्यंत ओरडत होती. मग ओरडायला समोर कुणी उरलं नाही.

पाऊस कोसळू लागला. हैबती नुसत्या लंगोटीवर थरथरत उभा होता.

"रखमे, तुला हे पाणी ठावं व्हतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग तो उतरला तवा का नाय बोललीस?"

"मला तो मरायला नको व्हता, काका. मला तो बोलायला हवा व्हता."

चांगू तिच्यापासून दोन पावलं मागे सरकला. ती बोलली ते खरं होतं, आणि आता तेही कुणी मानणार नव्हतं.