टिचकीला पर्याय

ठमी काय काम करते हे लोकांना समजावता समजावता तिच्या नाकी नऊ येत. शेवटी तिने समजावणंच सोडलं. कुणी विचारलं तर "कागद वाचते" म्हणायची आणि विषय बदलायची.

तसं ते फार अवघडही नव्हतं. बिनतारी चार्जर कुणाचाही असो, त्यावर कुठलाही फोन ठेवला की चार्ज व्हायला हवा, म्हणून सगळ्या कंपन्यांनी मिळून एक मानक ठरवलेलं असतं. मग त्यातलीच एखादी कंपनी उठते आणि म्हणते, या मानकातली अमुक युक्ती आमची, आमच्याकडे पेटंट आहे. ते कितपत खरं, हे ठमीचं ऑफिस तपासून द्यायचं. डाव्या रकान्यात पेटंटमधला दावा, एकेक तुकडा सुटा करून. उजव्या रकान्यात मानकातली तीच गोष्ट. सगळ्या ओळी जुळल्या आणि मानक पाळायला दुसरा मार्गच उरला नाही, की पेटंट 'आवश्यक' ठरलं. मग कुणीही चार्जर करो, त्या कंपनीच्या परवानगीवाचून त्याचं पान हलत नाही. एक जरी ओळ सुटली, तरी दावा फुसका. आजवर ठमीने असे कितीतरी दावे फुसके ठरवले होते आणि त्याचा तिला थोडा माजही होता.

त्या दिवशी आलेलं पेटंट तिने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावरून ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली.

फोन आणि चार्जर यांच्यामध्ये नाणं किंवा किल्ली अडकली तर ती तापते, भाजते. म्हणून वीज सोडण्याआधी चार्जरने आपल्या कॉइलला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याला, एक हलकासा झटका द्यायचा. रिकाम्या भांड्याला टिचकी मारली की ते घुमतं, तशी कॉइल घुमते. ते घुमणं किती लवकर विरतं, हे मोजायचं. मग मध्ये काही नसताना ते किती लवकर विरायला हवं, तो आकडा फोनने सांगायचा, दोन्ही ताडून पाहायचे, आणि मध्ये धातू आहेसं वाटलं तर वीज सोडायचीच नाही.

हे ठमीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तिच्या दादाने, सख्ख्या थोरल्या भावाने, घरामागच्या आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षे खटपट करून हे जमवलं होतं. मोठ्या पगाराची नोकरी सोडून तो चार माणसांना हाताशी धरून चार्जर बनवायचा, आणि हौसेने मानकाच्या समितीवरही जायचा. या युक्तीला घरात सगळे 'दादाची टिचकी' म्हणत. पेटंटवर मात्र भलत्याच कंपनीचं नाव होतं.

ती तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, ही कल्पना यांची नाही. माझ्या भावाची आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "आपल्याला विचारलंय काय?"

"आवश्यक आहे का, ते."

"कुणाची आहे, असं विचारलंय?"

"नाही."

"मग? आणि भावाची असेल तर तू यात नकोसच. बारीकराव करतील. त्यांना भावाबद्दल काही सांगू नकोस, त्यांनी कोऱ्या मनाने वाचायला हवं. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. पेटंट जगजाहीर असतं, पण ते आपण तपासतोय हे नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला कळतंय गं. पण माझ्याही हातात नाही."

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं.

फाइल सोडण्याआधी ठमीने सगळ्या ओळी पुन्हा लावून पाहिल्या. पहिली जुळत होती, तिसरी जुळत होती, चौथीही. फक्त दुसरीत जरा फट होती. पेटंट म्हणत होतं, घुमणं विरताना मोजायचं. मानक म्हणत होतं, ठरलेल्या वेळेत धातू ओळखायचा; कसा, ते चार्जर करणाऱ्याने बघून घ्यावं. म्हणजे दुसऱ्या एखाद्या पद्धतीने तो ओळखता येत असेल, तर पेटंट आवश्यक नाही आणि दादा ती पद्धत घेऊन मोकळा. तेवढ्या एका ओळीवर तिने आपला सगळा जीव टांगला.

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली. सांगायचं काही नव्हतं, निदान विचारता येईल तेवढं विचारायचं होतं. दादा जमिनीवर बसून कॉइल गुंडाळत होता. समोर खुर्चीवर वहिनी तयार चार्जर पुसून खोक्यात भरत होती.

"दादा, टिचकी तू समितीत दाखवलीस, तेव्हा कोण कोण होतं?"

"समितीत कुठे? चहाच्या सुट्टीत. तिथल्याच टेबलावर मांडून दाखवली. सगळे खूश! ते मोठ्या कंपनीचे दोघे तर मला सोडेनात. पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा."

"कुठे नोंद झाली त्याची?"

"चहाच्या सुट्टीची नोंद कोण ठेवतं, ठमे?"

"पेटंट तरी करायचंस आधी."

"अगं, पोरांची बोटं भाजू नयेत म्हणून केलेली गोष्ट. ती काय कुलपात ठेवायची?"

"ह्यांना कुणी पत्ता विचारला तर घरापर्यंत पोचवून येतात," वहिनी म्हणाली. "पेटंट कसलं करतात!"

दादा हसला. मग त्याने मोठी बातमी सांगितली. टेबलं बनवणारा एक कारखाना आपल्या प्रत्येक टेबलात दादाचा चार्जर बसवणार होता. आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. ती मिळाली तर वर्कशॉप तरणार होतं, नाहीतर या वर्षीच टाळं लागणार होतं.

"एवढंच लिहून द्यायचंय, की यात दुसऱ्या कुणाच्या पेटंटचं काही नाही," दादा म्हणाला. "ते तर मी झोपेतही देईन!"

ठमीच्या ओठांवर सगळं आलं होतं. तिने चहाचा कप ओठांना लावला. निघताना वहिनीने विचारलं, "बरं नाही का गं तुला?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय." ते खोटंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बारीकरावांनी फाइल उघडली. ते ठमीच्या शेजारीच बसत. नावाप्रमाणे फार बारीक वाचायचे, वाचताना पुटपुटायचे, आणि ठमी त्यांचं पुटपुटणं कान टवकारून ऐकत होती.

"पहिली जुळली... तिसरी जुळली... चौथीपण. दुसरीचं काय करावं गं? घुमणं न मोजता दुसऱ्या पद्धतीने जमत असेल ना?"

"असेल की," ठमी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मलाही तसंच वाटतंय. 'पर्याय संभवतो' म्हणून मोकळा होतो." त्यांनी टाइप करायला घेतलं. ठमीने डोळे मिटले. दादा सुटला, असं तिला वाटलं, आणि कीबोर्डचा आवाज थांबला.

"पण नुसतं वाटून कसं चालेल? जाणकाराला विचारलेलं बरं. समितीवर एक गृहस्थ आहेत. भला माणूस. काहीही विचारा, हातचं राखून सांगत नाही." त्यांनी नंबर लावला आणि लिहून घ्यायला हात मोकळा असावा म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"हां, बोला बोला!" दादाचा आवाज आला.

ठमी उभी राहिली.

"एक शंका होती, साहेब. मधला धातू ओळखायला कॉइलचं घुमणं मोजण्याऐवजी दुसरं काही चालेल का?"

"बारी..." ठमी म्हणाली. बारीकरावांनी तिला हाताने गप्प केलं.

"छे हो!" दादा खुलला होता. "सगळं करून बसलोय मी. उष्णता मोजा, तर कळेपर्यंत नाणं तापलेलं असतं. वजन मोजा, तर फोनच्या कव्हरने घोळ होतो. फ्रिक्वेन्सी बघा, तर फोन जरा तिरका ठेवला की तीच सरकते. मानकात दिलेल्या वेळेत फक्त हेच जमतं. दुसरा मार्ग नाही. असता तर मी शोधला नसता का?"

"म्हणजे असं पक्कं लिहू?"

"बिनधास्त लिहा. हवं तर माझं नाव घाला!"

बारीकरावांनी मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला. "बघ, एका फोनमध्ये काम झालं," ते ठमीला म्हणाले. "तू काय सांगत होतीस?"

ठमी खुर्चीवर बसली.

बारीकराव तोवर कामाला लागले होते. त्यांनी 'पर्याय संभवतो' खोडलं, 'आवश्यक' लिहिलं, आणि त्या युक्तीच्या कागदावर पहिल्यांदाच, आडनावासकट, दादाचं नाव घातलं.