आठवतंय, पण वाटत न्हाई

धायरीत पेरूची बाग होती तोवर सोनबांच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही. बाग बिल्डरला दिली, तिथे सोसायटी उभी राहिली, आणि तिच्याच सहाव्या मजल्यावर राहायला आल्यावरही ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत, "तुमची गाडी लागती ना, तिथं आमची हीर हुती." बायको प्रेमला ओशाळून त्यांची बाही ओढायची.

गेल्या वर्षी मात्र ते गप्प होत गेले. जेवण सुटलं, झोप उडाली. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. भावकी म्हणाली, "पोरगं गुणी, सून गुणी. ह्याला काय धाड भरली?"

प्रेमलाने एकदा मुद्दाम जुनं काढलं. "लग्न झालं त्या साली मला सायकलवर मंडईत नेलेलं. आठवतंय?"

"आठवतंय," सोनबा म्हणाले. "पण काय वाटत न्हाई."

तिने त्याच रात्री मुलाच्या कानावर घातलं.

मुलगा ऋषी दोघांना कर्वेनगरला मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या म्हणाल्या, "काका, हा आळस नाही. नैराश्य लांबलं की मेंदूतल्या पेशी आकसतात, त्यांच्या फांद्या झडतात, काही जातातही. आठवणी सांभाळणारा भाग बारीक होऊ शकतो. पेशी ज्या रसायनांतून एकमेकींशी बोलतात, त्यांचाही तोल ढळतो."

"म्हंजे डोकं वाळलं म्हणा."

"वाळलं नाही. गोळ्या, चालणं, माणसांत राहणं, यानं पुन्हा फुटवे येऊ शकतात. वेळ मात्र लागतो."

लागलाच. गोळ्यांनी आधी नुसतं तोंड कोरडं पडलं. "बास झालं," सोनबा म्हणाले. प्रेमलाने ऐकलं नाही. रोज संध्याकाळी हाताला धरून त्यांना खाली फिरवायची आणि एकटीच बोलत राहायची.

असंच एकदा पार्किंगपाशी ती म्हणाली, "ऋषी झाला तवा बाग ऐन भरात हुती. तुमी दवाखान्यात आलाच न्हाई, राखणीला बसला."

"आलो न्हाई?" सोनबा जागच्या जागी थांबले. "काय बी सांगतीस! पोपटांना बाग मोकळी सोडून आलो हुतो. खिशात पिकला पेरू हुता तुझ्यासाठी. नर्सनं काढून घेतला."

मग ते तिथेच कट्ट्यावर बसले. टोपी काढून तोंडाला लावली. "लई आठवण येतीया गं," म्हणाले, आणि हुंदका फुटला.

वॉचमन धावत आला. प्रेमलाने त्याला हातानेच थांबवलं. "रडू दे, बाबा. लई दिसांनी आलंय."

ती त्यांच्या शेजारी बसली. कामावरून परतणाऱ्या गाड्या दोघांना वळसा घालून आत जात राहिल्या.