थोरल्याची वाट

ई-पुस्तकाला पक्की पानं नसतात. अक्षर मोठं केलं की मजकूर पुढे सरकतो, म्हणून पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीतल्या प्रत्येक शब्दासाठी मजकुरात एक खूण रोवावी लागते. वाचणाऱ्यानं शब्दाला बोट लावलं की तो थेट तिथे पोचला पाहिजे. पोटासाठी मी हेच काम करते, आणि ओझरत्या उल्लेखांना सूचीत थारा देत नाही. उगाच खोगीरभरती कशाला?

आईचं पुस्तक म्हणजे तर घरचंच कार्य. आठवणी तिनं सांगितल्या, टाइप मी केल्या. तिची नजर गेली आहे. टॅब तिला सूची वाचून दाखवतो, ती हव्या शब्दावर टिचकी मारते आणि तिथून पुढे ऐकते.

दादा, आईचा थोरला, तिसऱ्या प्रकरणात नदीत बुडाला, शाळकरी वयात. पण पुढच्या प्रकरणांतही तो होताच. माझ्या लग्नात: ‘दारात थोरला उभा होता, पाय ओले.’ बाबांच्या आजारपणातही तेच वाक्य.

"आई, तो तेव्हा नव्हता गं," टाइप करताना मी म्हणाले होते.

"तुला दिसला नसेल. मी पाहिलं ते सांगतेय."

आईपुढे कुणाचं शहाणपण चालत नाही. मजकूर तसाच ठेवला, पण सूची माझी! तिसऱ्या प्रकरणानंतरच्या त्याच्या सगळ्या खुणा मी काढून टाकल्या. नियम म्हणजे नियम.

पुस्तक टॅबवर आलं आणि आई जेवेनाशी झाली. संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून बसायची.

"झालंय काय तुला?"

"थोरला यायचा थांबलाय. त्याच्या नावावर टिचकी मारली की नदीच लागते. दर वेळी बुडतो बिचारा. बाहेर यायला वाटच नाही."

"म्हणजे आधी यायचा?"

"रोज. तुला सांगून काय उपयोग? वाद घालत बसली असतीस."

आतल्या खोलीत बसून मी सगळ्या खुणा पुन्हा रोवल्या. शेवटची रोवली आणि सवयीप्रमाणे तपासायला टिचकी मारली. टॅब वाचू लागला, "दारात थोरला उभा होता..."

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. "आलास? आधी पाय पूस."

मी धावत बाहेर आले. आई एकटीच होती आणि हसत होती. दार सताड उघडं. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन, आणि उंबऱ्याशी पायपुसणं पाण्यानं चिंब.

"बघत काय राहिलीस?" आई म्हणाली. "कुडकुडतोय तो. टॉवेल आण."

या वेळी मी वाद घातला नाही. टॉवेल आणला, दोन्ही हातांवर पसरून दारात धरला आणि तशीच उभी राहिले. टॉवेल हळूहळू जड होत गेला.