शम्माची मुलगी

माझी आई इंतिसार आमच्या इर्बिद शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होती. फोनवर कुणाला ताटकळत ठेवणं तिला कधी जमलं नाही. निवृत्तीनंतर बँकेने कार्ड दिलं आणि ताटकळण्याची पाळी तिच्यावर आली.

कार्ड मध्येच बंद पडायचं. अलीकडे एकदा तर चष्म्याच्या दुकानात, भर गर्दीत. "हज्जा, कार्ड चालत नाहीये," दुकानदार तिच्या वयाचा मान राखत हळूच म्हणाला, तरी सगळ्यांच्या माना वळल्या. आईने तिथूनच बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, शेवटी तिच्या आईचं नाव.

"शम्मा," आई म्हणाली.

"माफ करा, ओळख पटत नाहीये. ओळखपत्र घेऊन शाखेत या."

"काय चुकलं ते तरी सांग, बाळा."

"सुरक्षेच्या कारणासाठी सांगता येत नाही."

शाखेत ओळखपत्र बघून कार्ड सुरू करून द्यायचे, पण फोनवर ओळख का पटत नाही ते तिथेही कुणी सांगत नसे. अशी चार वर्षं गेली. मी म्हणायचे, "यम्मा, देऊन टाक ते परत."

"मी का देऊ? मी काय चोरलंय?"

मग रमजानच्या आधी त्या कार्डावर दूरच्या अकाबा शहरातल्या एका दुकानातून तीन मोबाइल घेतले गेले. त्या वेळी मात्र कार्ड अडलं नाही. आईने धाव घेतली तेव्हा शाखेचे मॅनेजर, उस्ताज फवाझ, म्हणाले, "खरेदीचा कोड बरोबर टाकला गेलाय, हज्जा. म्हणजे जबाबदारी तुमची."

"मला कोड आलाच नाही."

"तुमच्या नव्या नंबरावर गेलाय. आदल्याच दिवशी तुम्ही फोन करून नंबर बदललात."

"मी? मग माझा आवाज मला ऐकवा."

"तशी पद्धत नाही."

आई उठली नाही. शाखा बंद होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मरमियाचा सुगंधी पाला घातलेल्या चहाचा थर्मास घेऊन गेली, तिसऱ्या दिवशीही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती शांतपणे सांगायची, "माझा आवाज ऐकायला बसलेय." मला आधी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मीही तिच्या शेजारी जाऊन बसले.

चौथ्या दिवशी उस्ताज फवाझनी आम्हाला आत बोलावलं. "वरून परवानगी आलीय. पण एकदाच ऐकवीन."

रेकॉर्डिंग सुरू झालं. एक बाई आईच्या नावाने बोलत होती. जन्मतारीख बरोबर, पत्ता बरोबर.

"आईचं नाव?"

"सलमा."

"बरोबर. धन्यवाद. नवा नंबर सांगा."

मी काही बोलणार तोच आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पर्समधून ओळखपत्र काढून तिने टेबलावर सरकवलं. "इथे माझ्या आईचं नाव वाचा, उस्ताज."

"शम्मा," त्यांनी वाचलं.

"चार वर्षं मी हेच सांगतेय आणि तुम्ही माझं कार्ड बंदच ठेवताय. तुमच्या माणसाने फॉर्म भरताना चूक केली असणार. आता मला सांगा, माझ्या आईला आख्ख्या इर्बिदमध्ये कुणी सलमा म्हटलं नाही. सलमा फक्त तुमच्या कागदात आहे. त्या बाईला ती कुठे भेटली?"

उस्ताज फवाझनी संगणकात पाहिलं. तिथे सलमाच लिहिलेलं होतं. मग ते स्वतः उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"हज्जा," खुर्चीत बसत ते म्हणाले, "ही माहिती आमच्याच घरातून बाहेर गेलीय."

दोन आठवड्यांत सगळी रक्कम परत आली. फोनवर बसणाऱ्यांपैकीच एक माणूस गिऱ्हाइकांची माहिती विकत होता, तो पकडला गेला. आईमुळे आणखी अकरा जणांची फसवणूक उघडकीला आली. बँकेने माफीचं पत्र दिलं आणि वर एक भेटवस्तू देऊ केली. आईने पत्र ठेवून घेतलं.

"वस्तू नको. नाव दुरुस्त करा. माझ्यादेखत."

त्या दिवशी आम्ही दोघी मॅनेजरच्या टेबलाशी उभ्या होतो. आई एक्स्चेंजमधल्या आवाजात एकेक अक्षर सांगत होती आणि उस्ताज फवाझ टाइप करत होते. बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले.

"माझ्या आईला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "अंगठा उठवायची. आणि आज साहेब मला दोनदा विचारत होते, बरोबर लिहिलंय ना म्हणून."

मग तिने माझा हात धरला आणि आम्ही चष्म्याच्या दुकानाच्या दिशेने निघालो, कारण चष्मा अजून घ्यायचाच होता.